दहा माणसं आणि एक मुलगा

दिवाळीत ताईकडे पत्त्यांचा अड्डा बसतो. फराळाची ताटं बाजूला सारायची, सतरंजी पसरायची आणि मध्यरात्र उलटेपर्यंत रमी कुटायची. यंदा भाचा म्हणाला, रमी पुरे, आता पोकर. पैशांच्या जागी खारे शेंगदाणे घेतले, त्यामुळे मेव्हण्यांचं भांडवल पहिला डाव वाटून होईपर्यंतच निम्म्यावर आलं. नियम डोक्यात शिरायला वेळ लागला. मग एका डावात माझ्या हातात इस्पिक आणि किलवरचे एक्के आले, सोबत त्याच दोन रंगांच्या अठ्ठ्या. मी पत्ते उघडे केले तसा भाचा जवळजवळ ओरडलाच, "मामा, डेड मॅन्स हँड! तो अमेरिकन बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक, त्याला मागून गोळी घातली ना, तेव्हा त्याच्या हातात हेच पत्ते होते." ताई म्हणाली, "सणासुदीचं काय अभद्र बोलतोस रे," आणि चकल्यांचा डबा मध्ये सरकवला. डाव मी जिंकलो. शेंगदाणे ओंजळीने माझ्यापुढे आले, पुढचे पत्ते वाटले गेले आणि विषय तिथेच संपला.

माझ्यापुरता तो संपला नाही. अंथरुणावर पडलो तरी एक फालतू शंका डोक्यात घुटमळत राहिली. ते पत्ते पाहिले कुणी? मी ते दृश्य डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. दुपारची वेळ, लाकडी फळ्यांचा दारूचा गुत्ता, त्या काळची काळी दारू भरलेली काडतुसं, म्हणजे एका बारातच खोलीभर धूर. माणूस टेबलावर कोसळतो, खुनी हातात पिस्तूल घेऊन उभा आहे, जो तो दाराकडे धावतोय. अशा वेळी खाली वाकून 'बघू बरं, कुठली पानं होती' म्हणणारा गृहस्थ कोण? आणि त्याने पाहिलं असेल, तर हे लिहून ठेवलं कधी?

हिकॉक मला अगदीच अनोळखी नव्हता. शाळेत असताना भाड्याने मिळणाऱ्या फाटक्या कॉमिक्समध्ये असल्या माणसांची गर्दी असे, आणि त्यांतल्या निम्म्यांचे केस त्याच्यासारखे खांद्यावर रुळत. मूळ छायाचित्रांतला हिकॉक मात्र मी पहिल्यांदा पाहिला तो त्या रात्री, मोबाइलच्या उजेडात. उंच, निमुळत्या चेहऱ्याचा, ओठांवरून खाली ओघळणाऱ्या मिशा, आणि कमरेच्या पट्ट्यात मुठी पुढच्या बाजूला येतील अशी खोचलेली दोन कोल्ट पिस्तुलं. ऐटीत उभा आहे. फोटो काढून घेणं त्याला आवडत असणार हे उघड दिसतं. मला तो आवडला, आणि पुढे जे वाचत गेलो ते याच आवडीने वाचलं, हे आधीच सांगून टाकतो.

या दंतकथेला जन्मतारीख आहे. फेब्रुवारी १८६७ च्या हार्पर्स न्यू मंथली मॅगझिनमध्ये कर्नल जॉर्ज वॉर्ड निकोल्स यांचा लेख छापून आला. यादवी युद्ध संपल्यावर निकोल्स मिसुरीतल्या स्प्रिंगफिल्ड गावी गेले होते, तिथे त्यांना हा लांब केसांचा माजी हेर भेटला. लेखात 'वाइल्ड बिल' स्वतःच्या तोंडाने रॉक क्रीकची हकीकत सांगतो. मकॅन्लस आणि त्याची दरोडेखोरांची टोळी, एकूण दहा जण, त्याच्या अंगावर चालून आली. एकट्याने त्याने आधी गोळ्यांनी आणि मग सुऱ्याने दहाही आडवे केले. शेवटी त्याच्या अंगात ११ छर्रे रुतलेले होते आणि १३ ठिकाणी वार झाले होते. याच लेखात त्याची काळी घोडी मालकाने इशारा करताच बिलियर्डच्या टेबलावर चढून उभी राहते. अंक देशभर गेला, आणि तिशीही न गाठलेला एक माणूस महिन्याभरात आख्यायिका होऊन बसला.

आता रॉक क्रीकला खरोखर काय झालं ते पाहू. जागा नेब्रास्का टेरिटरी, तारीख १२ जुलै १८६१. हिकॉक २४ वर्षांचा, टपालगाड्यांच्या ठाण्यावर घोडे सांभाळणारा नोकर. डेव्हिड मकॅन्लस हा त्या जागेचा आधीचा मालक. त्याने ठाणं ज्या कंपनीला विकलं होतं, ती पोनी एक्स्प्रेस ही घोडेस्वारांची टपालसेवा चालवता चालवता दिवाळखोरीच्या काठावर आली होती आणि हप्ते थकले होते. तेच मागायला तो आला. सोबत दहा दरोडेखोर नव्हते. जेम्स वुड्स नावाचा नातलग, जेम्स गॉर्डन नावाचा गडी आणि स्वतःचा मुलगा मनरो, इतकेच होते. दारात बोलाचाली झाली, मकॅन्लसने प्यायला पाणी मागितलं असंही सांगतात, आणि आतल्या पडद्यामागून गोळी सुटली. ती हिकॉकने झाडली की ठाण्याचा प्रमुख वेलमन याने, यावर अजून एकमत नाही. आवाज ऐकून धावत आलेले दोघं जखमी झाले. एकाला कुदळीसारख्या शेतीच्या अवजाराने संपवलं, दुसऱ्याला ओढ्यापर्यंत पाठलाग करून शॉटगनने.

मनरो तेव्हा बारा वर्षांचा होता.

तो पळून वाचला. म्हातारपणी त्याने सांगितलं की बाप उताणा पडला, कसाबसा अर्धवट उठून बसला, काहीतरी बोलायचं असावं तसं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत पडला. बीट्रिस गावी न्यायाधीशापुढे चौकशी झाली तेव्हा या प्रत्यक्षदर्शी पोराला साक्ष देऊ दिली नाही. आरोपी स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर सुटले. ते कागद पुढे कित्येक वर्षांनी, १९२० च्या दशकात, उजेडात आले. त्यांत हिकॉकचं नावसुद्धा धड नाही. 'डच बिल' असं लिहिलंय. हार्पर्समधला वीरपुरुष आणि सरकारी दप्तरातला हा डच बिल, दोघं एकच. मला सर्वांत जास्त टोचलं ते हे की निकोल्सच्या लेखात माणसं तिनाची दहा झाली, पण मुलगा होता तो नाहीसा झाला. दंतकथेला आकडे फुगवायचे असतात हे कुणालाही कळतं. काही माणसं तिला पुसूनही टाकावी लागतात, ते इतक्या स्पष्टपणे मी आधी कुठे पाहिलं नव्हतं. बापाच्या मरणाकडे बघत उभं असलेलं बारा वर्षांचं पोर त्या चित्रात ठेवलं असतं, तर दहा काय, शंभर दरोडेखोर मारूनही वाचकाचं मन बिलकडे वळलं नसतं.

मग थापा मारल्या कुणी? निकोल्सनी की हिकॉकने? माझा कल दोघांकडेही आहे. त्या मुलखात परगावच्या, शहरी, वहीत लिहून घेणाऱ्या माणसाला चढवून सांगणं हा करमणुकीचा भाग होता. एकाने ठेवून द्यायची, बाकीच्यांनी चेहऱ्यावरची सुरकुती हलू द्यायची नाही. त्याच वर्षी हेन्री स्टॅन्ली नावाचा वार्ताहर हिकॉकला भेटला. हाच स्टॅन्ली पुढे आफ्रिकेत लिव्हिंग्स्टनला शोधून काढणार होता. त्याने विचारलं, किती गोरे मारलेत? उत्तर आलं, शंभराच्या बरेच वर. स्टॅन्लीने ते गंभीरपणे छापलं. मला त्या क्षणी हिकॉकचा चेहरा बघायला आवडलं असतं. खुद्द स्प्रिंगफिल्डच्या पेट्रियट या वर्तमानपत्राने तर हार्पर्सचा अंक हाती पडताच लेखाची यथेच्छ टिंगल केली, कारण गावातल्या माणसांना बिलही ठाऊक होता आणि त्याचं घोडंही. पण स्प्रिंगफिल्डचा पेपर स्प्रिंगफिल्डमध्ये खपणार, आणि हार्पर्स घरोघरी जाणार. टिंगल तिथेच विरली.

बखर खरी की अस्सल कागद खरा, हा वाद मराठी माणसाला नवा नाही. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या माणसं गावोगावची दप्तरं धुंडाळत फिरली, वाळवी लागलेल्या कागदांसाठी घरोघरी विनवण्या केल्या. म्हणूनच जोसेफ रोझा हा माणूस मला लगेच जवळचा वाटला. हा इंग्रज गृहस्थ, राहायला लंडनच्या एका उपनगरात. विद्यापीठाशी संबंध नाही. आयुष्याचा मोठा भाग त्याने अटलांटिकपलीकडच्या एका बंदूकबाजाचे कागद गोळा करण्यात घालवला. कोर्टाच्या नोंदी, पगारपत्रकं, नगरपालिकेचे ठराव, कुटुंबाकडची पत्रं. असल्या चिकाटीतून उरलेली यादी लहान आहे. मकॅन्लस, तोही नक्की नाही. मग डेव्ह टट, बिल मल्वी, सॅम स्ट्रॉहन, जॉन काइल, फिल को, माइक विल्यम्स. यादवी युद्धातली झटापट सोडली, तर कागदांच्या आधारे सांगता येतील अशी ही सात नावं. शंभराच्या पुढे सात हा आकडा केविलवाणा वाटतो खरा. पण सात माणसं मारणं ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. शंभर ऐकून ऐकून आपलंच माप बिघडलेलं असतं.

गंमत म्हणजे जी गोष्ट सिनेमावाल्यांनी रचली असणार असं मी धरून चाललो होतो, तीच अस्सल निघाली. भर चौकात दोन माणसं समोरासमोर, बघ्यांची गर्दी, आणि एकाच वेळी दोन बार. २१ जुलै १८६५, स्प्रिंगफिल्ड, संध्याकाळची वेळ. जुगाराच्या देण्यावरून डेव्ह टटने हिकॉकचं खिशातलं घड्याळ तारण म्हणून उचललं. देणं ३५ डॉलरचं की २५ चं, यावर भांडण. हिकॉकने बजावलं, ते घड्याळ मिरवत चौकात यायचं नाही. टट मिरवत आला. दोघांत साधारण ७५ यार्डांचं अंतर होतं. त्या काळच्या पिस्तुलाने एवढ्या लांबून नेम लागणं दुरापास्त, त्यामुळे टटची गोळी चुकली यात नवल नाही. हिकॉकची छातीत बसली. खटला चालला, ज्यूरीने निर्दोष सोडलं. कमरेचं पिस्तूल कोण आधी उपसतो अशी चढाओढ तिथे झाली नव्हती. हिकॉकने शांतपणे हात स्थिर करून नेम धरला, एवढंच त्याचं कसब. टटचं पुढे काय झालं हे कुठल्या कॉमिकमध्ये नसतं. १८८३ मध्ये त्याचे अवशेष जुन्या दफनभूमीतून हलवून नव्या जागी नीट पुरले ते लुईस टट याने. हा लुईस त्याच घराण्याचा एकेकाळचा गुलाम, आणि डेव्हच्या बापापासूनच झालेला. म्हणजे सावत्र भाऊ. या माणसाच्या मनात काय असेल याचा विचार करत मी बराच वेळ बसलो होतो. गुलाम म्हणून ज्या घरात जन्मला, त्या घरच्या मुलाला चांगली कबर मिळावी यासाठी अठरा वर्षांनी धडपडणारा. चौकातल्या त्या गोळीपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते, पण तिच्यावर कुणी पोवाडा रचणार नाही.

असली पुसलेली माणसं आमच्या घरातही आहेत. माझे आजोबा परभणीकडचे. रझाकारांच्या दिवसांत एका रात्री ते ठासणीची बंदूक घेऊन माळवदावर बसले आणि चालून आलेल्या रझाकारांना पळवून लावलं, ही आमच्या घरची गोष्ट. लहानपणी ऐकली तेव्हा रझाकार चार होते. काकांच्या लग्नात पंधरा झाले. आजोबा वारल्यावर तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांत कुणीतरी अख्खं पथक म्हणालं, आणि कुणी हरकत घेतली नाही, मीही नाही. मग एकदा उन्हाळ्यात आत्या तूर पाखडत बसली होती, मी गोष्टीचा विषय काढला, आणि ती सूप न थांबवता म्हणाली, "आले होते कोण, ते कुणालाच नाही ठाऊक. अंधार होता. छर्रे लागले ते ग्यानबाला." ग्यानबा म्हणजे आमच्याकडचा सालगडी. तो लंगडत चालायचा. ते जन्माचंच असावं असं मी समजत होतो. आवाज ऐकून मालकाच्या मदतीला गोठ्यातून धावत आला होता, म्हणे. आजोबांनी त्याला शेवटपर्यंत सांभाळलं, पोरीच्या लग्नाला पैसे दिले, हेही आत्यानेच सांगितलं. पण आजोबांनी स्वतः ती गोष्ट कधी रंगवून सांगितल्याचं मला आठवत नाही. सांगायचे ते इतर. आजोबा तेवढ्यात तंबाखूची चंची उघडून बसायचे, ते मला आता लख्ख आठवतं.

त्यामुळे ॲबिलीनचा प्रसंग वाचताना मी जरा थांबत थांबतच पुढे गेलो. एप्रिल १८७१ मध्ये कॅन्ससमधल्या या गावाने हिकॉकला मार्शल नेमलं. महिना १५० डॉलर, वर दंडाच्या रकमेत वाटा. टेक्सासहून हाकत आणलेली गुरं इथे रेल्वेच्या वाघिणींत भरायची, आणि महिनोन् महिने धूळ खाल्लेल्या गुराख्यांनी मिळालेला पगार दारूत आणि जुगारात उडवायचा, हा गावाचा धंदा. मार्शलसाहेबांचा मुक्काम बहुतेक वेळ अलामो नावाच्या गुत्त्यातल्या पत्त्यांच्या टेबलावर असे. इथेच आपण हिकॉकवर पिस्तुलं रोखून त्याला गप्प केलं, असं जॉन वेस्ली हार्डिन या टेक्सासच्या बंदूकबाजाने आत्मचरित्रात लिहिलंय. ते पुस्तक आलं १८९६ मध्ये, म्हणजे हिकॉकला जाऊन वीस वर्षं झाल्यावर, हार्डिनही मेल्यावर, आणि या प्रसंगाला दुसरा साक्षीदार नाही. हार्डिनला यादीत आपलं नाव वर हवं होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

५ ऑक्टोबरच्या रात्री फिल को आणि त्याचे टेक्सासी सोबती रस्त्यात धिंगाणा घालत होते. बार ऐकून हिकॉक बाहेर आला. को म्हणाला, कुत्र्यावर झाडली. पुढचं काही सेकंदांत झालं. दोघांनी अगदी जवळून एकमेकांवर गोळ्या झाडल्या, कोच्या पोटात लागली. तेवढ्यात कोपऱ्यावरून आणखी एक माणूस पिस्तूल घेऊन धावत येताना दिसला, आणि हिकॉकने वळून त्याच्यावरही गोळ्या घातल्या. तो माइक विल्यम्स. गावातल्या नाटकगृहाचा रखवालदार, हिकॉकचा मित्र, मदतीला येत होता. हिकॉकने त्याला उचलून अलामोत नेलं, बिलियर्डच्या टेबलावर निजवलं आणि तो रडला, असं सांगतात. अंत्यसंस्काराचा खर्च त्याने स्वतः केला. डिसेंबरात गुरांचा हंगाम संपल्यावर गावाने आता गरज नाही म्हणून त्याला कामावरून काढलं. यानंतर हिकॉकने एकाही माणसाला गोळी घातल्याची नोंद नाही. मृत्यू यायला अजून पाच वर्षं बाकी होती.

त्या पाच वर्षांबद्दल दंतकथा फारसं बोलत नाही. बफेलो बिल कोडी या सीमेवरच्या गाजलेल्या वाटाड्याने त्याला नाटक कंपनीत घेतलं. १८७३ च्या हंगामात हा माणूस रोज रात्री रंगमंचावर लुटूपुटूचे रेड इंडियन मारू लागला. त्याला ते जमत नव्हतं. संवाद विसरायचा, प्रकाशझोत डोळ्यांवर आला की चिडायचा, आणि मेल्याचं सोंग करणाऱ्या नटांच्या उघड्या पायांजवळ खोट्या काडतुसांचे बार काढून त्यांना भाजायचा. हंगाम संपायच्या आतच त्याने नाटक सोडलं. डोळे अधू होत चालले होते, तो रंगीत चष्मा वापरू लागला. १८७५ मध्ये शायेन गावी त्याच्यावर भटकेपणाचा आरोप ठेवला गेला, म्हणजे पोटापाण्याचं साधन नसलेला रिकामटेकडा म्हणून. त्याआधी, १८७३ मध्ये, तो टेक्सासकरांच्या हातून मेल्याची अफवाही एकदा उठली होती. तेव्हा त्याने वर्तमानपत्राला पत्र पाठवलं की मी जिवंत आहे, आणि नेड बंटलाइन नावाचा कादंबरीकार मला कित्येक वर्षं लेखणीने मारायला बघतोय, ते जमेना म्हणून आता टेक्सासवाल्यांकडे काम सोपवलेलं दिसतंय. हे पत्र वाचून मी मोठ्याने हसलो. लेखणीनेच घडवलेला माणूस लेखणीबद्दल कुरकुरत होता, आणि कुरकुरही झकास लिहीत होता.

५ मार्च १८७६ ला त्याने शायेनमध्येच लग्न केलं. बायको ॲग्नेस लेक, सर्कशीची मालकीण, विधवा, वयाने त्याच्याहून बरीच मोठी. लग्न लावणाऱ्या पाद्रीबुवांनी नोंदवहीत शेरा मारून ठेवलाय की या दोघांच्या मनात खरंच तसं आहे असं काही मला वाटत नाही. इतका प्रामाणिक कागद दुसरा नसेल. लोकांच्या मनातली बिलची बायको मात्र ॲग्नेस नाही, कॅलॅमिटी जेन आहे, त्या मुलखातली पुरुषी वेशात वावरणारी गाजलेली बाई. ती हिकॉकच्या तांड्यात सामील झाली ती फोर्ट लॅरॅमीजवळ, त्याच्या आयुष्याचे थोडेच आठवडे उरले असताना. त्यांची ओळख होती, त्यापलीकडे काही होतं याला पुरावा नाही. पण १९०३ मध्ये ती वारली आणि लोकांनी तिला त्याच्या शेजारी पुरलं. १९४१ मध्ये एक बाई पुढे आली, म्हणाली मी त्या दोघांची मुलगी, ही घ्या आईची डायरी. डायरी बनावट ठरली, तरी त्या दोघांचं लग्न पर्यटकांच्या डोक्यातून जायला तयार नाही. ॲग्नेससाठी मला वाईट वाटलं.

आणि मग डकोटा टेरिटरीतलं डेडवुड. २ ऑगस्ट १८७६, नटल आणि मॅन यांचा नंबर १० चा गुत्ता. हिकॉकला भिंतीला पाठ लावून बसायची सवय होती. त्या दिवशी ती खुर्ची चार्ली रिचकडे होती. त्याने जागा बदलून मागितली, रिचने हसण्यावारी नेलं. जॅक मॅकॉल मागून आला आणि डोक्यात गोळी घातली. पत्त्यांचं म्हणाल, तर त्या वेळच्या बातम्यांत कुठली पानं होती याचा पत्ताच लागत नाही. एक्के आणि अठ्ठ्या पक्क्या झाल्या त्या १९२६ साली छापलेल्या एका चरित्रामुळे, म्हणजे घटनेला अर्धशतक उलटल्यावर. प्रेताची व्यवस्था करणाऱ्या न्हाव्याने उतारवयात सांगितलेली आठवण, हाच काय तो आधार. त्याआधी 'डेड मॅन्स हँड' हे शब्द जुगाऱ्यांच्या तोंडी होतेच, पण ते गुलाम आणि दहिल्यांसारख्या वेगळ्याच पानांना लावले जात. पाचवं पान कुठलं, यावर तर जितके जाणकार तितकी पानं. न्हाव्याने पाहिलं नसेलच असं मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसाला पन्नास वर्षांनी कुणीतरी आदराने काही विचारतंय, आणि आपल्याला ते आठवतंय असं त्याला वाटतंय, हे मी समजू शकतो.

दुसऱ्याच दिवशी खाणकामगारांनी नाटकगृहात खटला भरवला. मॅकॉल म्हणाला, हिकॉकने माझा भाऊ मारला होता. पंचांनी त्याला सोडून दिलं. पुढे त्याला पुन्हा पकडून यांक्टनला रीतसर खटला चालला आणि १ मार्च १८७७ ला फाशी झाली. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा, हा प्रश्न तेव्हाही निघाला होता. त्याचं उत्तर असं होतं की डेडवुडमधल्या पहिल्या कोर्टाला कायद्याने अस्तित्वच नव्हतं, कारण डेडवुड गावालाच नव्हतं. १८६८ च्या तहाने ती सगळी जमीन लकोटा या मूळ रहिवाशांची होती. सोन्याच्या मागे लागलेले हजारो गोरे तिथे घुसलेले होते, आणि जूनमध्येच लिटल बिगहॉर्नला लकोटा आणि त्यांच्या साथीदारांकडून कस्टर या अमेरिकन अधिकाऱ्याची तुकडी कापली गेली होती. 'सीमेवरचा वीर' म्हणून ज्याचे गोडवे गायले गेले, तो मेला तेव्हा दुसऱ्याच्या जमिनीवर घुसखोर म्हणून पत्ते खेळत बसला होता. हे वाचल्यावरही तो मला नावडता झाला नाही, याचं मला थोडं आश्चर्य वाटतं आणि थोडी लाजही.

टेबलाच्या पलीकडे विल्यम मॅसी बसला होता, मिसुरी नदीतल्या आगबोटींचा कप्तान. हिकॉकच्या गालातून बाहेर पडलेली गोळी मॅसीच्या मनगटात घुसली, आणि ती त्याने कधी काढून घेतली नाही. १८८५ मध्ये बिस्मार्क गावच्या पेपरात बातमी होती की वाइल्ड बिलला मारणारी गोळी गावात आली आहे. कप्तान बोटीने बंदराला लागला होता, इतकंच. तो १९१० मध्ये सेंट लुईसला वारला. हिकॉकने किती मारले यावर माणसं अजून हुज्जत घालतात. त्याला मारणारी गोळी मात्र नेमकी कुठे गेली ते माहीत आहे. ती आगबोटीच्या कप्तानाबरोबर पुरली गेली.